लांबीखालचा गंज

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमिअर पद्मिनी. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या तिच्या टॅक्सीही बंद झाल्या. आमची एक इथं हिवरा आश्रमात गोठ्याशेजारी उभी होती. घरीच सुरू केली. प्लग काढून तेल सोडलं, दोन दिवसांनी इंजिन हातानं फिरवलं, टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून दिलं, कार्ब्युरेटर धुतला. इंजिनापाशी खोटं चालत नाही. ठिणगी नसली तर ते बोलतच नाही. पत्र्याचं तसं नाही. दाराखालचा पत्रा गंजून पापड झालेला. लेक म्हणे, "बाबा, लांबी भरू, रंग मारू. कोनाले समजते?"

समजत नाही, हे खरंच. पण या गाडीला वेगळी चासी नाही, भार पत्र्यावरच. लांबीखाली गंज थांबत नाही, ओल धरून खातच राह्यते. अन् आत बसणार आपलीच नातवंडं. म्हणून सडका पत्रा कापला, नवा तुकडा वेल्डिंगनं जोडला. जोड दिसते. दिसू द्या.

जुन्याचा मान त्याला तरणं दाखवण्यात नाही, सडलं त्याला सडलं म्हणण्यात आहे. वरून रंग मारून एक झालेले भाऊही गावात पाह्यले; पहिल्याच पावसात धुऱ्यावरून कुऱ्हाडी निघाल्या.