आवाज जातो म्हणजे काय जातं

गंगाखेडच्या बाजूला रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली की मला बोलावणं येतं. खड्ड्याच्या काठावर बसून काचेचे तंतू एकेक करून जोडायचे. तंतूची जाडी 125 मायक्रॉन, आणि प्रकाश धरून ठेवणारा मधला गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा. वरचं रंगीत आवरण सोलायचं, अल्कोहोलनं पुसायचं, क्लीव्हरनं टोक सरळ कापायचं आणि मशीनमध्ये दोन्ही टोकं समोरासमोर आणायची. विजेची ठिणगी पडते, काच वितळून एक होते. पडद्यावर जोडाची जागा शोधून सापडू नये, तो जोड चांगला.

माझी आत्या रोज पुण्याच्या लेकाशी बोलते. तिनं एकदा विचारलं, "माझा आवाज जातो म्हंजी माझ्यातलं काही तिकडं जातं का रे?"

तसं काहीच जात नाही. आवाजाचे आकडे होतात, आकड्यांचे लहान तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता चढतो. वाटेतला प्रत्येक राउटर आलेल्या प्रकाशाची वीज करतो, तुकडा क्षणभर स्मृतीत ठेवतो, पत्ता वाचून त्याची नवी प्रत पुढं धाडतो. आधीची पुसली जाते. पुण्यात उजळतो तो प्रकाश इथून निघालेला नसतोच. पोचते ती फक्त मांडणी.

मिलिंद राजाला हीच अडचण पडली होती. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला ज्याचं नाव दिलं, तोच हा राजा. इथून पलीकडं काही जात नसेल तर पुनर्जन्म कसा, असं त्यानं भिक्खू नागसेनाला विचारलं. नागसेनानं उलट विचारलं, लहानपणी गुरूकडून श्लोक शिकलास, तो श्लोक गुरूला सोडून तुझ्यात आला का? राजा नाही म्हणाला. मला हे उत्तर कामामुळं कळलं. नुसतं वाचून कळलं नसतं. सातत्य राहायला आत न बदलणारा आत्मा असावाच लागतो, हे मला पटत नाही.

मग जबाबदारी कुणाची? नागसेनाच्याच दाखल्यातला आंबे चोरणारा म्हणाला, मालकानं लावले ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे. नागसेन त्याला सोडत नाही, कारण हे आंबे त्यांतूनच आले. आत्या लेकाला टोचून बोलली, तर तिच्यातला कणही तिकडं न जाता तो घाव तिचाच.

पण एक फरक आहे, आणि तो मला सतावतो. फोटो पाठवला तर पोच येईपर्यंत पाठवणारं यंत्र प्रत सांभाळतं, हरवलेला तुकडा पुन्हा धाडतं. चालू बोलण्यात सहसा तसं करत नाहीत. तुकडा हरवला की हरवला. त्याची वेळ निघून गेलेली असते, बोलणं पुढं सरकतं. माणसाचं जिणं मला याच दुसऱ्या जातीचं वाटतं.

माझी आजी जात्यावर भीमाच्या ओव्या म्हणायची. आत्यानं पाठ केल्या तेवढ्या आज आहेत, तिच्या आवाजात, आजीच्याच चालीवर. बाकीच्या पुन्हा मागाव्यात तर पाठवणारी उरलेली नाही.