अभावी तांदळाचं पीठ

आरती होते, तीर्थ होतं आणि मग शिऱ्याचं पातेलं फिरतं. तूप सुटलेला, केळं घातलेला, सव्वाच्या मापाचा शिरा. ओळीतली बारा-तेरा वर्षांची एक मुलगी हात पुढे करत नाही. आई हळूच सांगते, "तिला गहू चालत नाही हो, सिलिअ‍ॅक आहे." यावर बहुतेक घरांत येणारं उत्तर ठरलेलं आहे. "अगं, प्रसाद आहे. कणभर घे. प्रसादानं कधी कुणाला बाधलंय?"

बोलणाऱ्याच्या मनात माया असते. तरी त्या मुलीपुढे त्या क्षणी उभा राहतो तो धर्माचाच प्रश्न. देवाचं म्हणून जे हातावर येतं, ते नाकारता येतं का?

वैद्यकात या 'कणभर'ला आकडा आहे. सिलिअ‍ॅक म्हणजे ॲलर्जी नव्हे आणि पथ्याची हौसही नव्हे. गहू, बार्ली आणि राय यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषणारे आतड्याचे बारीक अंकुर झिजतात. मग रक्त कमी होतं, मुलांची उंची खुंटते, हाडं ठिसूळ होतात. काहींना वरून काहीच जाणवत नाही, तरी आतली झीज चालूच राहते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा हा आजार असलेली मुलं सुधारली आणि पाव परतल्यावर पुन्हा खंगली. गव्हावर आधीपासून संशय असलेल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने १९५० साली आपल्या प्रबंधात हा संबंध मांडला. आजही यावर सर्वमान्य उपचार एकच, जन्मभर ग्लूटेन वर्ज्य. रोजचं ५० मिलिग्रॅम ग्लूटेनही काही महिन्यांत आतड्याला इजा करू शकतं, आणि एका ग्रॅम रव्यातच त्याहून अधिक ग्लूटेन असतं.

सत्यनारायणाच्या पोथीत मात्र प्रसाद टाळणाऱ्यांची गत काही चांगली होत नाही. कलावती प्रसाद न घेता नवऱ्याच्या नौकेकडे धावते, आणि नवरा नौकेसह दिसेनासा होतो. तुंगध्वज राजा शिकारीहून परतताना वडाखाली गवळ्यांची पूजा पाहतो. तिथे जात नाही, नमस्कार करत नाही, त्यांनी पुढे ठेवलेला प्रसाद टाकून निघून जातो. त्याचे शंभर पुत्र आणि सारी संपत्ती नष्ट होते. लहानपणापासून या गोष्टी ऐकलेल्या माणसाला प्रसादाला नाही म्हणताना धडकी भरणारच.

पण त्याच पोथीचा पहिला अध्याय नीट ऐकावा. नैवेद्याला केळी, तूप, दूध आणि गव्हाचं चूर्ण सांगून झाल्यावर लगेच पुढची सोय येते. गव्हाच्या अभावी तांदळाचं पीठ चालेल. साखर घ्यावी किंवा गूळ. दरवर्षी हे शब्द आपल्या कानांवरून जातात आणि आपण रव्याचाच हट्ट धरतो. ज्या घरात गहू येऊच शकत नाही, त्या घरात गव्हाचा अभाव नाही तर दुसरं काय आहे?

कॅथलिक चर्चपुढे हा पेच अधिक कठीण होता. वसईत मराठीतून आणि गोव्यात कोकणीतून मिस्सा ऐकणाऱ्यांनाही चर्चचा एकच नियम लागू आहे. चर्चच्या कायद्याचं ९२४वं कलम सांगतं की मिस्सात दिली जाणारी कम्युनियनची भाकर निव्वळ गव्हाचीच हवी. येशूने शेवटच्या भोजनात जे केलं, ते बदलायचा अधिकार आपल्याला नाही, अशी त्यामागची श्रद्धा आहे. २००३ साली व्हॅटिकनमधल्या कार्डिनल राट्झिंगर यांच्या पत्राने स्पष्ट केलं की ग्लूटेन पूर्ण काढलेली भाकर ग्राह्य नाही, अत्यल्प ग्लूटेनची चालेल. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या क्लाइड इथल्या बेनेडिक्टाइन भगिनींनी गव्हाच्या स्टार्चपासून तशी चकती घडवली; तिच्यात ग्लूटेनचं प्रमाण ०.०१ टक्क्याहून कमी आहे. तीही नको असेल, तर नुसता द्राक्षारस घेता येतो. ख्रिस्त भाकरीत आणि द्राक्षारसात सारखाच पूर्ण असतो, ही शिकवण जुनीच आहे; त्यामुळे एकच घेणाऱ्याला अर्धं काही मिळत नाही. पेला मात्र वेगळा हवा, कारण धर्मगुरू मुख्य पेल्यात भाकरीचा एक तुकडा सोडतात.

ज्यू परंपरेतही पेसाह या सणाच्या रात्री खायची मात्झा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, पाच ठरावीक धान्यांपैकीच एकाची लागते. ओट्स त्या पाचांत धरले जातात, म्हणून सिलिअ‍ॅक असलेल्यांसाठी गव्हापासून अलग राखलेल्या ओट्सची मात्झा भाजली जाते.

कुठे द्रव्य बदललं, कुठे द्रव्य राखून वाट काढली. दोन्हीकडे आजारी माणूस पंगतीबाहेर राहिला नाही. माणसाला अडवते ती कर्मठ पोथी नव्हे, न वाचता चालवलेली वहिवाट. तुंगध्वजाचा अपराधही या उजेडात पाहायला हवा. तो आजारी नव्हता. गर्वाने त्याने समोरच्या गवळ्यांना तुच्छ लेखलं. हात जोडून "मला चालत नाही" म्हणणारी मुलगी त्याच्या जागी उभी नाही. तिचं म्हणणं उडवून लावून चमचा पुढे करणारा माणूस मात्र त्याच्या जवळ जातो, कारण समोरच्याचा शब्द त्याच्या लेखी हलका ठरतो.

मराठी स्वयंपाकघराला हे मुळीच जड नाही. ज्वारी-नाचणीची भाकरी, भात, वरईचे तांदूळ, राजगिरा, उकडीचे मोदक यांत मुळात ग्लूटेन नाही. सांभाळायचं ते भेसळीला. गिरणीत गव्हाच्या मागोमाग ज्वारी दळली तर गव्हाचं पीठ तिच्यात उतरतंच. हिंगाच्या डबीत अनेकदा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. पोळ्यांच्या ओट्यावरचं उलथनं मोदकाच्या सारणात गेलं, तर सगळी मेहनत वाया.

म्हणून पुढच्या पूजेची यादी करताना रव्याच्या जागी तांदळाचा रवा लिहा. तांदूळ धुऊन, वाळवून घरच्याच स्वच्छ मिक्सरवर काढा, कढई आणि चमचा वेगळा ठेवा, आणि गुरुजींना आधी सांगा. वेगळी वाटी त्या मुलीपुरती करू नका. सगळ्यांचाच शिरा तांदळाचा करा, म्हणजे तिलाही सगळ्यांबरोबर हात पुढे करता येईल.