हरलेला परत येतो का?

पूर्वपक्ष : 3 फेब्रुवारी 1509 या दिवशी दीवच्या बंदरात फ्रान्सिस्को द आल्मेइदाच्या पोर्तुगीज आरमाराने इजिप्तच्या मामलुक सुलतानाची गलबते आणि त्यांच्या मदतीला आलेली गुजरातची व कालिकतच्या सामुरीची जहाजे एकदमच मोडून काढली. पुढच्याच वर्षी गोवा पडले, 1511 मध्ये मलाक्का, 1515 मध्ये होर्मुझ. ज्या समुद्रावर अरब, गुजराती, मलबारी साऱ्यांचा वावर होता, त्याला एका दिवसात धनी मिळाला. इतिहास असा एखाद्या दिवसाच्या तोफांवर ठरतो, हे मानायला तुम्ही का कचरता?

उत्तरपक्ष : कारण अकराच महिने आधी, मार्च 1508 मध्ये, चौलच्या खाडीत नेमके उलटे घडले होते. तिथे हेच मामलुक जिंकले. पोर्तुगीजांचे जहाज मासेमारीच्या जाळ्यांसाठी रोवलेल्या खांबांत अडकले आणि आल्मेइदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. कोळ्यांच्या खांबांनी एका साम्राज्याची नाव अडवली, तरी इतिहास तसूभर वळला नाही. का? लिस्बनहून दरवर्षी नवा ताफा निघत होता. एक बुडाला तर दुसरा वाटेवर असे. याउलट तांबड्या समुद्राकाठी जहाजाजोगे लाकूड नाही. सुएझला गलबत बांधायचे तर ओंडके भूमध्य समुद्रापलीकडून आणून पुढे वाळवंटातून वाहायचे. ते आरमार एकदा गेले की गेले. म्हणून लढाई निर्णायक होती की नाही, हे जिंकणाऱ्याकडे पाहून कळत नाही. हरलेला परत येऊ शकतो का आणि त्याला यायचे आहे का, यावर ते ठरते.

पूर्वपक्ष : म्हणजे सगळा दोष हरणाऱ्याच्या माथी! आणि लाकूड-खजिन्यावरच सारे ठरत असेल, तर माणसाच्या निर्णयाला उरते काय?

उत्तरपक्ष : बरेच उरते. गुजरातकडे सागवान होते, कसलेले सुतार होते, पैसा होता. तरी दीवचा सुभेदार मलिक अयाझ याने लढाईनंतर चौलला पकडलेले पोर्तुगीज कैदी परत केले आणि प्रकरण मिटवले. याला भेकडपणा म्हणणे सोपे आहे; पण त्याच्या जागी बसून पाहिले तर हिशेब चोख होता. बंदर वाचले, आणि पोर्तुगीजांना तिथे किल्ला बांधायला 1535 उजाडावे लागले. समुद्र हा त्याच्या लेखी बाजाराचा रस्ता होता, राखायचा मुलूख नव्हता. ऐपत असूनही परत न येण्याचा निर्णय या समजुतीतून निघाला. दोष द्यायचाच तर त्या समजुतीला द्यावा, आणि ती एकट्या माणसाची नव्हती.

पूर्वपक्ष : पण मग बदलले तरी काय? सोळाव्या शतकाच्या मध्याला मिरी पुन्हा तांबड्या समुद्रातून व्हेनिसला पोचतच होती. 1538 मध्ये तुर्कांनी दीवला वेढाही घातला.

उत्तरपक्ष : वेढा उठला, आणि मालाने आपली वाट शोधली, हे खरे. टिकला तो एक कागद. त्याचे नाव कार्ताझ. जहाज कोणते, तांडेल कोण, शस्त्रे किती, जाणार कुठे, हे त्यावर लिहिलेले असे. तो नसेल तर जहाज लुटीला मोकळे. अकबराच्या काळी हाजला निघालेल्या शाही जहाजांनाही तो घ्यावा लागे. समुद्रावर जायला कुणाची तरी परवानगी लागते, ही कल्पना दीवनंतर पक्की झाली. ती मोडायची तर नुसता व्यापार पुरत नाही, समुद्राला मुलूख मानणारी सत्ता लागते. शिवाजी महाराजांनी आरमार उभारले ते दीडशे वर्षांनी, आणि अठराव्या शतकाच्या आरंभी कान्होजी आंग्रे याच किनाऱ्यावर स्वतःचे दस्तक देऊ लागले. हरलेला किनारा असा परत आला. पण येताना त्याच्याही हातात परवान्याचाच कागद होता. दीवची लढाई जग बदलून गेली असे मी म्हणेन ते याच अर्थाने. तिला उत्तर देणाऱ्यालाही तिचीच भाषा बोलावी लागली.