‘पर्सन’ : एका व्याकरणसंज्ञेचा धर्मविचार

इंग्रजी व्याकरणात क्रियापदाचे ‘पर्सन’ सांगितले जाते तेव्हा त्या संज्ञेने कोणा माणसाचा निर्देश होत नाही. बोलणारा, ज्याच्याशी बोलणे चालले आहे तो आणि ज्याच्याविषयी बोलले जात आहे तो, ही संभाषणातील तीन स्थाने तिने दाखविली जातात. मराठी व्याकरणात यांनाच ‘पुरुष’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्द ‘पर्सोना’ असून नटाचा मुखवटा, आणि त्यावरून नटाने घेतलेली भूमिका, हा त्याचा जुना अर्थ आहे. मुखवट्यातून आवाज घुमतो म्हणून पर्सोना, ही प्राचीन व्युत्पत्ती मोहक असली तरी स्वरांच्या ऱ्हस्वदीर्घत्वाशी ती जुळत नाही. इटलीतील तार्क्विनिया येथील एका थडग्यात मुखवटाधारी आकृतीशेजारी रंगाने लिहिलेल्या ‘फेर्सू’ या एट्रुस्कन शब्दाशी त्याचे नाते असणे अधिक संभवनीय वाटते. ग्रीक व्याकरणकारांनी या तीन स्थानांसाठी ‘प्रोसोपॉन’, म्हणजे चेहरा किंवा मुखवटा, हा शब्द योजला होता आणि इ.स.पूर्व पहिल्या शतकात व्हारोच्या लॅटिन लेखनात त्याच अर्थाने ‘पर्सोना’ आढळतो.

हीच संज्ञा पुढे ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या गाभ्यात गेली. ईश्वर एक असताना पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचा भेद कसा मानावा, या प्रश्नाला तोंड देताना कार्थेजच्या टर्टुलियनने तिसऱ्या शतकाच्या आरंभी धर्मग्रंथातील वचने तपासली ती व्याकरणकाराच्या दृष्टीने : येथे कोण बोलतो, कोणाशी आणि कोणाविषयी? स्तोत्रात प्रभू प्रभूला उद्देशून बोलत असेल, तर बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात भेद मानावाच लागतो. एक सत्त्व आणि तीन पर्सोना हा त्याचा सिद्धान्त म्हणूनच नाट्यगृहापेक्षा व्याकरणाच्या अधिक जवळचा आहे. ग्रीक आचार्यांना मात्र या शब्दातील मुखवट्याची छाया खटकली, कारण एकच ईश्वर तीन रूपे पालटतो असे सबेलियसचे मत समजले जात होते आणि ते त्यांना त्याज्य होते. म्हणून त्यांनी ‘हिपोस्टॅसिस’, म्हणजे स्वतंत्र अस्तित्व असलेले तत्त्व, ही संज्ञा पुढे आणली.

सहाव्या शतकात बोएथियसने विवेकशील स्वभावाचे एकेकटे सत्त्व ते पर्सोना, अशी व्याख्या केली. ती काटेकोर आहे, परंतु तिच्यात ‘तू’ला जागाच नाही, आणि ही हानी लहान नव्हे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ईश्वराच्या ठायी पर्सोना म्हणजे संबंधच होय असे सांगून तो धागा पुन्हा जोडला. व्यवहारातील ‘पर्सन’ मात्र सुटी, स्वयंपूर्ण व्यक्तीच राहिली.

भारतीय परंपरेत यास्काने निरुक्तात ऋचांचे वर्गीकरण पुरुषावरूनच केले आहे. देवतेविषयी ‘तो’ म्हणून बोलणाऱ्या ऋचा परोक्षकृत, तिला ‘तू’ म्हणून संबोधणाऱ्या प्रत्यक्षकृत आणि देवता स्वतःच ‘मी’ म्हणून बोलते त्या आध्यात्मिक. पहिल्या दोन प्रकारांच्या ऋचा विपुल आहेत आणि तिसऱ्या प्रकारच्या थोड्या, असे तो नोंदवतो. त्या थोड्यांत त्याने वागाम्भृणीय सूक्त गणले आहे, ज्यात ‘मी’ म्हणून बोलणारी देवता वाणी आहे.