धावत गेलेला बाप

शास्त्रपाठ : लूक 15:11-24; इफिस 6:4



उधळ्या पुत्राचा दाखला आपण शब्बाथशाळेत लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मुलाने काय केले ते सर्वांना पाठ असते. बापाने काय केले याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. मुलगा दूर असतानाच बापाने त्याला पाहिले आणि तो धावत गेला. ही धाव केवढी मोठी गोष्ट होती, हे आपल्या बीदर-कलबुर्गी भागातील जुन्या माणसांना चांगले समजेल.

आपल्याकडे मागच्या पिढीत वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्या मुलाला कडेवर घेण्याचीही बापाला लाज वाटे. मूल रडले तर आजी घेई, चुलती घेई. बाप खाली मान घालून बैलांना वैरण टाकायला जाई. त्या बापांना माया नव्हती असे नाही. 1972 च्या दुष्काळात दिवसभर खडी फोडून आलेले बाप आपली भाकरी मुलांच्या ताटात सारीत आणि "मला भूक नाही" म्हणत. माया होती, पण ती मुकी होती.

माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. माझे वडील निजामाच्या राज्यात शिकले. त्या काळी सरकारी शाळेची भाषा उर्दू. मराठी गीते त्यांना तोंडपाठ होती, पण लिहिता येई ते उर्दूच. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली व आमचा तालुका म्हैसूर राज्यात आला. माझा थोरला भाऊ मराठी आणि कानडी शिकला. एका रात्री पेरणीच्या पैशांवरून वडील त्याला नको ते बोलले. सकाळी तो मुंबईला निघून गेला.

वडिलांना त्याला पत्र लिहायचे होते. पण त्यांचे उर्दू भावाला वाचता येत नव्हते. एके दिवशी ते पोस्टकार्ड घेऊन माझ्याजवळ बसले. पाऊसपाणी, म्हैस व्याली, आईचा गुडघा, सारे सांगून झाले. "आणखी काय लिहू, अप्पा?" मी विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बस. आशीर्वाद लिही." जे लिहायचे होते ते धाकट्या मुलासमोर त्यांच्या ओठांवर आले नाही.

भाऊ आला तो त्यांच्या मातीलाच. तेव्हा आईने त्याला सांगितले, "रोज संध्याकाळच्या मोटारीच्या वेळेला फाट्यावर जाऊन बसायचे रे." भाऊ कबरेजवळ रडत म्हणाला, "हे मला कुणी कळवले का नाही?"

माझे वडील दाखल्यातील बापासारखीच वाट पाहत होते. उणी होती ती फक्त धाव.

बंधूंनो, देवाला 'पिता' म्हणताना मुलाच्या डोळ्यांसमोर आधी घरचा बाप उभा राहतो. रेव्हरंड टिळकांचे वडील कठोर स्वभावाचे होते, हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'वरून आपणास ठाऊक आहे. त्याच टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारली. घरी जे मिळाले नाही ते प्रभूच्या चरणी मिळते, ही आपली आशा आहे. पण म्हणून बापाची जबाबदारी सुटत नाही.

शिस्त सोडून द्या, असे मी म्हणत नाही. एली याजकाने मुलांना आवरले नाही, त्याचे फळ त्याला भोगावे लागले (1 शमुवेल 3:13). पौल एकाच वचनात दोन्ही गोष्टी सांगतो : मुलांना चिडवू नका, आणि प्रभूच्या शिस्तीत त्यांना वाढवा. जुन्या बापांचे कष्ट, त्यांचा सचोटीचा धाक आपण जपावा. त्यांचे मुकेपण मात्र पुढे चालवू नये.

आज आपली मुले पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरात आहेत. खिशाखिशात फोन आहे, पोस्टकार्डाची आणि लेखनिकाची गरज उरली नाही. तरी आपण एवढेच विचारतो, "पैसे पोचले का?" आणि फोन ठेवतो.

दाखल्यातील मुलाने आपले अपराधाचे शब्द आधी जुळवून ठेवले होते. ते त्याच्या तोंडून निघण्यापूर्वीच बापाने त्याला गळ्याशी धरले. ज्या बापाचे आपल्या मुलाशी बोलणे तुटले आहे, त्याने मुलाच्या पहिल्या शब्दाची वाट पाहू नये. आज उपासनेहून घरी जाताच आपणच पहिली हाक मारावी.

हे स्वर्गीय पित्या, तू आम्हांकडे धावत आलास. आमचे जड पाय व मुके ओठ मोकळे कर. आमेन.