ऐकणाऱ्याचा सराव

नवी भाषा बोलून पाहायला समोर माणूसच हवा, ही अट आता सुटली आहे. डोळ्यांवर व्हीआरचा हेडसेट चढवला की बाजार उभा राहतो, नाहीतर हॉटेल, नाहीतर रेल्वेचा डबा. त्यातलं पात्र आपल्याला काही विचारतं. आपण अडखळत बोलतो, त्या आवाजाची अक्षरं होतात, भाषेचं मॉडेल उत्तर रचतं आणि ते पुन्हा आवाज होऊन पात्राच्या तोंडून येतं. ‘मोंडली’ या भाषा शिकवणाऱ्या ॲपचा २०१७ सालचा व्हीआर कार्यक्रम बराचसा ठरलेल्या वळणांनी चालायचा. आता एआयमुळे गप्पा कुठेही भरकटू शकतात, आणि भाषा खरी येते ती भरकटण्यातच.

समजा, हेडसेटमध्ये हैदराबादचा कोठी हा बाजारभाग आहे आणि भाषा तेलुगू. शिकणारी मराठी घरातली. अशी घरं कोठीच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जवळच जांबागेत १९०७ साली सुरू झालेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था आहे. या मराठी घरांत उर्दू मुरली, दखनी तर अंगवळणीच पडली. तेलुगू मात्र पुष्कळांची भाव विचारण्यापुरतीच राहिली. आळस हे त्याचं एक कारण असेल, पण एकमेव नाही. तिथल्या सुलतान बाजारात साडीवाल्याशी तेलुगूत बोलायला जा. पहिलं क्रियापद चुकलं की तो लगेच हिंदीत येतो. बिचारा भल्यासाठीच येतो, शिवाय मागे गिऱ्हाइकं उभी असतात. पण शिकणारीचं त्या दिवसाचं तेलुगू तिथेच संपतं. कोठीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत महिन्याभरात भाषा शिकवणारी पुस्तकं कितीही घेतली, तरी ही अडचण पुस्तकातली नव्हेच.

यंत्र इथे उपयोगी पडतं. ते हिंदीत शिरत नाही, घाईत नसतं आणि हसत नाही. हे न हसणं लहान नव्हे. एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८६ साली परक्या भाषेच्या वर्गातली भीती मोजायला ३३ विधानांची प्रश्नावली मांडली. मी बोललो तर बाकीचे हसतील, या अर्थाचं एक विधान तिच्यात आहे. कुठल्याही शिकवणीतल्या मागच्या बाकाला ते प्रश्नावलीशिवायही ठाऊक असतं.

पण हसण्याचा विषय निघाला की कोठीपासून चार पावलांवर घडलेली एक गोष्ट टाळता येत नाही. नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात निजाम राज्याची सामाजिक परिषद भरली होती. अध्यक्ष होते धोंडो केशव कर्वे. भाषणं इंग्रजीत झाली, उर्दूत झाली, मराठीतही झाली. मग अल्लमपल्ली वेंकटरामराव हे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले आणि सभागृहात त्यांची हुर्यो उडाली. हसणाऱ्यांत मराठी मंडळी होती. संस्थानात तेलुगू बोलणारे सगळ्यांत जास्त, सभा समाजसुधारणेची आणि अध्यक्षस्थानी स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचलेला माणूस. तरी हे झालं. दुखावलेल्या तेलुगू मंडळींनी लगोलग आंध्र जनसंघाची मुहूर्तमेढ रोवली. त्यातूनच पुढे आंध्र महासभा उभी राहिली आणि तिचं पहिलं अधिवेशन १९३० साली जोगिपेटला भरलं. आमच्या मराठी लोकांची तशीच संघटना म्हणजे महाराष्ट्र परिषद, ती परतूरला पहिल्यांदा भरली १९३७ साली. विशेष म्हणजे त्या सभागृहातल्या मराठी माणसालाही राज्यात आपल्या भाषेची पत नव्हती. कचेरीची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू. आपल्या भाषेला खालच्या पाटावर बसवल्याचा अनुभव त्याला रोजचा होता, आणि तोच दुसऱ्याच्या भाषेला हसला. याचं मला नवल वाटत नाही, वाईट वाटतं.

आता हेडसेट घेऊन या सभागृहात जाऊ. वेंकटरामरावांना त्याचा काय उपयोग झाला असता? काहीच नाही. त्यांचं तेलुगू चांगलं होतं, ती त्यांची मातृभाषा होती. सराव हवा होता तो खुर्च्यांवर बसलेल्यांना.

भाषाशिक्षणाचं सगळं यंत्र बोलणाऱ्यामागे लागलेलं आहे. उच्चार सुधारा, भीड सोडा, रोज दहा मिनिटं बोला. ऐकणाऱ्याकडून कुणी काही मागत नाही. एआयचं पात्र तर इतकं सोशिक असतं, की त्याच्याशी बोलून धीट झालेली मुलगी साडीच्या दुकानात गेल्यावर पुन्हा पहिल्याच क्रियापदाला हिंदीत ढकलली जाते. तिचा सराव फुकट गेला असं नाही. पण दुकानदार होता तिथेच आहे.

आणि दुकानदाराला नावं ठेवण्यापूर्वी पुण्या-मुंबईकडे पाहावं. बाहेरून आलेला माणूस लिफ्टमध्ये किंवा रिक्षात बिचकत मराठीचं वाक्य जुळवतो. आपण ते पुरतं होऊ देत नाही. चटकन हिंदीत उत्तर देतो आणि त्यात आपला मोठेपणाही वाटतो. वर संध्याकाळी तक्रार करतो, की हे लोक वर्षानुवर्षं राहूनही मराठी शिकत नाहीत. पहिली तुटकी वाक्यं त्यांनी टाकायची तरी कुठे?

हेडसेटमधला बाजार उलटा करणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. गल्ल्यावर आपण बसायचं. समोर एआयचं पात्र येईल, लिंग-वचन चुकवत, शब्द शोधत, मध्येच थांबत मराठी बोलेल. मॉडेलला चुका करायला सांगणं सोपंच आहे. आपलं काम एवढंच: हिंदीत न जाता, त्याचं वाक्य स्वतः पुरं न करता, त्याला पावशेर मिरच्या विकायच्या. पहिल्या पातळीवर फक्त ‘माझा बायको आला’ हे वाक्य ठेवावं. ते ऐकून चेहरा सरळ राहिला, तर दुसरी पातळी उघडावी.