नदीचा धोका कुणाला विचारून मोजायचा?

ऐन मे महिन्यात बदलापूरच्या बॅरेजवर गेलात तरी उल्हास वाहताना दिसते. आजूबाजूचे ओढे तोवर कोरडे ठणठणीत पडलेले असतात. मग हिला पाणी कुठले? घाटावरचे. मावळात आंध्रा खोऱ्यात अडवलेले पाणी १९२२ पासून टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून खाली उतरते आणि उल्हासला मिळते. म्हणजे मूळचे भीमेच्या वाट्याचे हे पाणी बदलापूरपासून कल्याणपर्यंत आपण पितो. ते पुन्हा पूर्वेकडे वळवा, अशी मागणी भीमेच्या खोऱ्यातून होत आली आहे. त्यांच्या जागी असतो तर आपणही तेच म्हटले असते. आपल्या नळावरचे एक मोठे संकट असे घाटमाथ्यावर आहे आणि इथे त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही.

वालधुनी नदीचे संकट मात्र डोळ्यांना दिसते, नाकाला कळते. काकोळ्याला, उगमाजवळ, तिचे पाणी रेल्वेच्या धरणात साठते आणि त्यातून 'रेल नीर'च्या बाटल्या भरतात. तीच नदी थोडी खाली अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी येते तेव्हा महाशिवरात्रीच्या गर्दीतल्या माणसाला तिच्यात पाय बुडवावेसे वाटत नाहीत. मंदिर १०६० सालचे, शिलाहारांचे. ते या काठावर बांधले तेव्हा काठाला काही मोल होते. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस उल्हासनगरात रात्री याच वालधुनीत टँकरने रसायन ओतले गेले आणि शेकडो रहिवाशांना श्वास कोंडून रुग्णालयात न्यावे लागले.

ज्या गावाला १९४९ मध्ये उल्हास नदीचे नाव दिले, त्या गावात हे घडले. फाळणीत सिंधूचा काठ सोडून आलेल्या माणसांचे हे गाव. त्यांचा झुलेलाल हे पाण्याचेच दैवत. चालिहोचे चाळीस दिवस व्रत पाळायचे, पूजेचा बहिराणा साहिब पाण्यात सोडायचा. वालधुनी नासल्याने या माणसांचे काय गेले, हे कुठल्या अहवालात मांडणार?

संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेल्या २००५ च्या 'मिलेनियम इकोसिस्टीम असेसमेंट'ने निसर्गाच्या देण्यांत अन्न-पाण्याबरोबर पूर आवरणे आणि सांस्कृतिक नातेही धरले. आपण अजून बाटलीत नमुना घेतो आणि आकडा लिहितो.

वळगणीचेच बघा. पहिल्या पावसात मासे प्रवाहाच्या उलटे, ओढ्यांतून थेट भातखाचरांत अंडी घालायला चढतात. कातकरी वाडीवर या दिवसांची वाट पाहिली जाते. रोजगार नसतो तेव्हा ताटात मासा येतो. ओढ्याला काँक्रीटच्या भिंती घातल्या, खाचरात इमारतीसाठी भराव टाकला, की ही वाट बंद. पाण्याचा नमुना कदाचित स्वच्छ येईल, मासा येणार नाही. वाडीवरच्या बाईला विचारल्याशिवाय हे नुकसान कुठल्या कागदावर येणार?

त्याच भरावांनी पुराच्या पाण्याची जागाही खाल्ली. २६ जुलै २००५ च्या पुराला चौदा वर्षे होतात न होतात तोच, २७ जुलै २०१९ ला, बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावे लागले. नदीला पसरायला मोकळे रान लागते, हे काठावरच्या जुन्या माणसांना ठाऊक होते. आज त्या रानात सदनिका विकल्या जातात, घेणारी कुटुंबे आयुष्याची पुंजी घालतात आणि पुराचा धोका त्यांच्या गळ्यात पडतो.

नगरपालिका आणि महापालिकांना एकच मागणे आहे. नदीचा पुढचा आराखडा करायला बसाल तेव्हा मावळातला शेतकरी, वाडीवरची बाई, उल्हासनगरातला चालिहोचा व्रतकरी आणि पूररेषेतला सदनिकाधारक यांना आधी बोलवा, कंत्राटदाराला नंतर.